दिल्ली ते टोकियो अंतर किती? तिकिटावर जाताना 11 तास आणि येताना 6 तास का दिसतात?

तिकिटावर सुटायची वेळ निघतो त्या शहराची आणि पोहोचायची वेळ पोहोचतो त्या शहराची छापतात, त्यामुळे नुसती वजाबाकी करून चालत नाही. जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास आहे. रात्री 8 ला दिल्लीहून निघून सकाळी 7 ला टोकियो असेल, तर 11 मधून साडेतीन वजा करा. प्रवास साडेसात तासांचा. परतीला सकाळी 11 ला निघून संध्याकाळी 5 ला दिल्ली असेल, तर 6 मध्ये साडेतीन मिळवा. झाले साडेनऊ. म्हणजे जी फेरी लांब दिसते तीच प्रत्यक्षात दोन तासांनी छोटी!

सरळ हवाई अंतर सुमारे 5,860 कि.मी. आहे. पण ती सरळ रेषा तिबेटवरून जाते आणि प्रवासी विमानं सहसा तो रस्ता टाळतात. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला झटपट 10,000 फुटांच्या आसपास उतरावं लागतं. प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन साधारण पंधरा मिनिटंच पुरतो. तिबेटचं पठारच सरासरी 4,500 मीटर, म्हणजे जवळजवळ 15,000 फूट उंच. उतरणार कुठे? म्हणून विमान आधी पूर्वेला जातं, म्यानमारवरून चीनच्या युन्नानमध्ये शिरतं आणि मग जपानकडे वळतं. अंतर त्यामुळे थोडं वाढतंच.

आता ते दोन तास. ही सगळी करामत जेट स्ट्रीमची, म्हणजे 30-40 हजार फुटांवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या जोरदार वाऱ्याची. जपानवर तर हिवाळ्यात त्याचा वेग ताशी 300 कि.मी.च्याही वर जातो. सीटसमोरच्या पडद्यावर नकाशा लावून ठेवायची मला खोड आहे. जाताना चीन ओलांडला की जमिनीच्या तुलनेतला विमानाचा वेग ताशी हजार कि.मी.च्या पुढे सरकलेला दिसतो, आणि येताना तेच विमान सातशे-साडेसातशेवर रेंगाळतं. इंजिन तेच, पायलटचीही काही चूक नाही.

गंमत म्हणजे या वाऱ्याचा शोध टोकियोजवळच लागला होता. वासाबुरो ओइशी या हवामानशास्त्रज्ञाने 1920 च्या दशकात फुगे सोडून तो मोजला, पण अहवाल लिहिला एस्परान्तो या मुद्दाम घडवलेल्या, फार थोड्यांना येणाऱ्या भाषेत. जगाने लक्षच दिलं नाही. 1944 मध्ये जपानवर आलेल्या अमेरिकन बी-29 बॉम्बफेकी विमानांना या वाऱ्याने हैराण केलं, तेव्हा कुठे त्याचं महत्त्व कळलं.

तिकीट काढताना विमानतळाचं नाव मात्र नीट बघा. हानेदा शहराला लागून आहे, नारिता मध्य टोकियोपासून 60 कि.मी.हून लांब, तिथून शहरात यायला ट्रेननेही तासभर जातो. आणि परतीला दिल्लीहून पुढचं विमान पकडायचं असेल, तर डिसेंबर-जानेवारीत मध्ये भरपूर वेळ ठेवा, कारण समोरचा वारा जोरात असला की साडेनऊचे दहा तासही होतात.