डे-केअर केंद्रातील वृद्धांसाठी बीनबॅगचे सोपे खेळ कोणते घ्यावेत?

गोव्यातील फोंड्याजवळच्या एका डे-केअर केंद्रात येणाऱ्या ज्येष्ठांसाठी बीनबॅगचे, म्हणजे हातात मावणाऱ्या, बिया भरलेल्या कापडी पिशव्यांचे कोणते खेळ घ्यावेत आणि ते त्यांना पोरकट तर वाटणार नाहीत ना, असे आपण विचारले आहे. पहिल्या भागाचे उत्तर कोणीही देईल: घमेल्यात पिशवी टाकणे, जमिनीवर खडूने आखलेल्या आकड्यांच्या चौकोनांत टाकणे, गोलात बसून हातोहात पुढे देणे. दुसऱ्या भागाविषयी मात्र मला सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण त्यावरून आमच्या घरात झालेला वाद अजून मिटलेला नाही.

माझ्या सासूबाईंना आम्ही डिचोली तालुक्यातील एका केंद्रात दिवसा पाठवत असू. नारळ पाडणारा पाडेली माडावर चढला की कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) खाली उभे राहून नारळांचा हिशेब तोंडी ठेवण्यात त्यांची हयात गेली, आणि मुलीबाळींबरोबर सागरगोटे खेळताना एक गोटा जरी कोणी चोरून जास्त उचलला तरी त्या डाव मोडत असत. त्या केंद्रात एके दुपारी सर्वांच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर प्लास्टिकची बादली ठेवली गेली, प्रत्येक पिशवीला टाळ्या वाजल्या आणि शेवटी सर्वांना सारखीच बिस्किटे वाटली गेली. सासूबाईंनी तेथील मुलीला विचारले, "माझे किती झाले?" त्यावर ती म्हणाली, "आजी, आपल्याकडे सगळेच जिंकतात." सासूबाईंनी हातातली पिशवी मांडीवर ठेवली आणि त्यानंतर एकही टाकली नाही. घरी आल्यावर त्या मला म्हणाल्या, "मला बालवाडीत घातलंस की काय?"

पुढच्या आठवड्यापासून त्यांनी जाण्यास नकार दिला. माझ्या नणंदेने मात्र यातून भलताच निष्कर्ष काढला. "वहिनी, या वयात नामस्मरण करायचं सोडून आईला पिशव्या फेकायला लावता, लोक हसतात," असे ती फोनवर म्हणाली, आणि अजूनही म्हणते. माझ्या मते तिचे निदान साफ चुकीचे आहे. आईंचा अपमान पिशवीने केला नव्हता. त्यांचा हिशेब कोणी ठेवला नाही, याने केला होता. बोच्चा या खेळात तीव्र शारीरिक मर्यादा असलेले खेळाडू बसूनच मऊ चेंडू लक्ष्याजवळ टाकतात, १९८४ पासून तो पॅरालिम्पिकमध्ये आहे, आणि तेथे प्रत्येक चेंडूचे अंतर पंच काटेकोरपणे पाहतात. त्याला पोरखेळ म्हणण्याची कोणाची छाती आहे?

म्हणून मी जुन्या पॅन्टींच्या जाड कापडाच्या पिशव्या दुहेरी टाक्याने शिवल्या, त्यांत उन्हात कडकडीत वाळवलेले चिंचोके भरले आणि आमच्या पडवीत खेळ मांडला. (तांदूळ किंवा आळसांदे, म्हणजे चवळीसारखे कडधान्य, भरू नयेत, आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात त्यांत टोक्यांसारखे किडे पडतात आणि मागोमाग उंदीर येतात.) अमेरिकेतील कॉर्नहोल या खेळात सुमारे ४५० ग्रॅमची पिशवी २७ फुटांवरच्या, भोक पाडलेल्या फळीवर फेकतात, आपल्या मंडळींना १०० ते १५० ग्रॅमची पिशवी आणि पाच-सहा फूट अंतर पुष्कळ झाले. गुणांची पद्धत मात्र मी तिथलीच उचलली. भोकातून गेलेल्या पिशवीला ३, फळीवर राहिलेल्या पिशवीला १ आणि २१ गुणांना डाव, असा तो नियम आहे. आम्ही भोकाच्या जागी घमेले आणि फळीच्या जागी त्याखालचे गोणपाट धरले. थोडक्यात हुकलेल्या पिशवीलाही काही मिळत असल्याने हात थरथरणारा माणूस डावातून बाहेर पडत नाही. पत्र्याचे घमेले घेण्याचे कारण असे की, ज्यांना नीट दिसत नाही त्यांना पिशवी आत पडल्याचे आवाजावरून कळते.

पाटीवर गुण मांडू लागल्यावर शेजारचे एक निवृत्त तलाठी रोज येऊ लागले. गोणपाटावर अर्धी आणि जमिनीवर अर्धी पडलेली पिशवी धरायची की नाही, यावर त्यांचे आणि सासूबाईंचे जे भांडण जुंपे, ते खेळापेक्षा जास्त वेळ चाले, आणि माझे स्पष्ट मत आहे की त्या भांडणाने दोघांचे जितके भले झाले तितके कोणत्याही टाळ्यांनी झाले नसते. केंद्राने पाटी ठेवावी, असे मी तेथे जाऊन सुचवले होते. हरणाऱ्याला वाईट वाटते, असे उत्तर मिळाले. सत्तर वर्षे शेतीत, संसारात आणि कोर्टकचेऱ्यांत हार-जीत पाहिलेल्या माणसाला घमेल्यातल्या पिशवीने वाईट वाटेल, ही कल्पना ज्यांना सुचते त्यांनी वृद्धांचे केंद्र चालवू नये.

आता काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. खुर्ची हातांची आणि न घसरणारी असावी, पाय जमिनीला पूर्ण टेकावेत, आणि पिशवी खालून वर अशीच टाकावी; खांदा आखडलेल्यांना डोक्यावरून फेकायला लावू नये. पक्षाघात झालेल्यांनी दुबळा हात किती वापरावा, हे त्यांच्या फिजिओथेरपिस्टलाच विचारावे. वय वाढते तशी निळ्या-हिरव्यातली ओळख अवघड होते, त्यामुळे दोन बाजूंच्या पिशव्या लाल आणि पिवळ्या ठेवाव्यात. स्मृतिभ्रंश असलेल्यांच्या बाबतीत मात्र माझा गुणांचा आग्रह मी सोडते: त्यांना एका वेळी एकच सूचना द्यावी, नियम मध्येच बदलू नयेत, आणि नाव घेऊन पिशवी पुढे देण्याचा खेळ त्यांच्यासाठी वेगळ्या गोलात घ्यावा. त्यांच्यासाठी म्हणून सर्वांचीच पाटी पुसू नये.

जमिनीवर पडलेल्या पिशव्या आपल्या कर्मचाऱ्यांनी लगेच उचलाव्यात. वाकून उठताना चक्कर येऊन किंवा पिशवीवर पाय पडून कोणी कोसळले, तर दुसऱ्या दिवशी आपल्या केंद्रात खेळ राहणार नाही आणि माझी नणंद तो दाखला मला वर्षभर ऐकवील.