हळदीच्या कुरकुमिन अहवालात कोणता आकडा पाहावा?

प्रश्न (रायबाग तालुक्यातील हळद उत्पादकांकडून): सांगलीच्या बाजारात एका व्यापाऱ्याने ‘एलसी-एमएस’ अहवाल दाखवून आमच्या सेलम हळदीत कुरकुमिन कमी असल्याचे सांगितले आणि दर पाडला. त्याच शेतातल्या हळदीचा दुसऱ्या प्रयोगशाळेतला आकडा मात्र जास्त आहे. खरा कोणता मानायचा? आम्हीही हीच तपासणी करावी का?

उत्तर: दोन्ही अहवाल खरे असू शकतात. एलसी-एमएस तपासणीत हळद पुडीचा मिथेनॉलमध्ये अर्क काढून, गाळून, तो अतिबारीक कणांनी भरलेल्या नळीतून जोराच्या दाबाने सोडतात. नळीत घटक वेगळे होतात आणि एकामागून एक बाहेर पडतात. पुढचे यंत्र प्रत्येकाच्या रेणूचे वस्तुमान मोजून त्याची ओळख पटवते. हळदीचा पिवळा रंग मुख्यतः तीन घटकांचा: कुरकुमिन (वस्तुमान सुमारे 368), डीमेथॉक्सीकुरकुमिन (338) आणि बिसडीमेथॉक्सीकुरकुमिन (308). एका अहवालात फक्त पहिला घटक धरला आणि दुसऱ्यात तिन्हींची बेरीज केली, तर त्याच हळदीचे आकडे वेगळे येणारच. म्हणून अहवालावर ‘कुरकुमिन’ लिहिले आहे की ‘एकूण कुरकुमिनॉइड्स’, हे आधी पाहा.

ओलावाही पाहा. कोरड्या वजनावर 4 टक्के कुरकुमिन भरलेल्या हळदीत 10 टक्के ओलावा असेल, तर आहे त्या वजनावर आकडा 3.6 येतो. दर ठरवताना दोघांचा आधार एकच हवा.

नुसत्या टक्केवारीसाठी एलसी-एमएसवर पैसे घालवू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी एचपीएलसी (घटक तसेच नळीत वेगळे करून, पण वस्तुमान न मोजता प्रमाण काढणारी तपासणी) पुरेशी आहे आणि खर्चही कमी येतो. मेटानिल यलोसारखा कृत्रिम रंग मिसळल्याचा संशय असेल किंवा खरेदीदाराने कीटकनाशकांचे अंश विचारले असतील, तेव्हा एलसी-एमएस उपयोगी पडते. लेड क्रोमेट (भेसळीचा शिसेयुक्त पिवळा रंग) मात्र त्यात सापडत नाही, शिशाची तपासणी वेगळी मागावी लागते.

खरी गफलत नमुन्यात होते. वरच्या पोत्यातली चार चकचकीत हळकुंडे उचलून पाठवली, तर तो आकडा त्या चार हळकुंडांचाच. गड्डे आणि हळकुंडे यांचे नमुने वेगळे ठेवा. प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून, तळातून मूठभर माल घ्या, ताडपत्रीवर एकत्र करून ढीग पसरा, त्याचे चार भाग करा आणि समोरासमोरचे दोन ठेवा. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. त्याचे दोन भाग करून हवाबंद पिशव्यांत भरा, वरून जाड कागद गुंडाळा, कारण उजेडाने कुरकुमिन घटते. जात, शेत, तारीख लिहून व्यापारी आणि तुम्ही दोघांनी सह्या करा. एक पिशवी प्रयोगशाळेला द्या, दुसरी सीलबंद तुमच्याकडे असू द्या. वाद झाला तर तीच फेरतपासणीला पाठवता येते.

जास्त वेळ शिजवलेल्या हळदीतही कुरकुमिन कमी होते. हळकुंडात काडी सहज शिरली की काहिलीखालचा जाळ काढा.