पाण्याची तपासणी: आधी वेळ ठरवा, मग मीटर

प्रश्न : आम्ही काही शेजारी रोज पहाटे पाषाण तलावावर फिरायला जातो. पाणी कधी हिरवंगार असतं, कधी त्याला वास येतो. जलपर्णी माजली की पाणी दिसतच नाही. आमच्यात विज्ञान शिकलेलं कुणी नाही. पाण्याची तपासणी आम्हाला जमेल का? ऑक्सिजनचा मीटर घ्यावा का? आणि आमच्या आकड्यांना किंमत कोण देणार?
– एक वाचक, सूस रस्ता, पुणे

उत्तर : जमेल, आणि जरूर करा. मी अनेक वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. प्रात्यक्षिकांत आकडे चुकायचे ते बहुतेक वेळा नमुना घेण्यात, उपकरणात क्वचितच. म्हणून मीटरचं नंतर बघू. आधी जागा आणि वेळ पक्की करा.

पाणी हिरवं दिसतं ते शेवाळामुळे. हे शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं. रात्री ते थांबतं, पण श्वसन सगळ्यांचंच चालू राहतं: शेवाळ, मासे आणि सांडपाण्यातली घाण कुजवणारे जीवाणू. त्यामुळे पाण्यातला ऑक्सिजन सर्वांत कमी असतो सूर्योदयाच्या सुमारास. तेच पाणी दुपारी तीनला मोजलं तर आकडा पाहून तलाव ठणठणीत आहे असं वाटेल. पाण्याचा सामूही (pH, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी याचं माप) दुपारी चढलेला असतो. मासे गुदमरतात ते पहाटे, आणि नेमके त्याच वेळी तुम्ही तिथे असता. ही संधी प्रयोगशाळेच्या माणसाला सहसा मिळत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार मासे आणि वन्यजीवांसाठी पाण्यात लिटरमागे किमान 4 मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा, सामू 6.5 ते 8.5 असावा. तुमचा पहाटेचा आकडा या 4 शी ताडून पाहा.

मोजायला विंकलर पद्धत मला अजूनही सर्वांत विश्वासाची वाटते. काचेच्या बुचाची 300 मिलिलिटरची बाटली बुडबुडा न राहू देता भरायची आणि काठावरच दोन द्रावणं घालायची. तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. तो पांढरा साका एकदा डोळ्यांनी पाहिला की तलावाचं दुखणं कुणी समजावून सांगावं लागत नाही. पुढचं अनुमापन, म्हणजे ऑक्सिजन नेमका किती ते द्रावण थेंबाथेंबाने घालून मोजणं, प्रयोगशाळेत. ही रसायनं दाहक आणि विषारी असतात, तेव्हा जवळच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांना सोबत घ्याच. पुढे मीटर घेतलात तर त्यात पुण्याची उंची, साधारण 560 मीटर, भरायला विसरू नका. उंचीवर पाण्यात ऑक्सिजन थोडा कमीच विरघळतो.

जागा दोन ठेवा: रामनदी तलावात येते ती बाजू आणि बांधाची बाजू. या दोन आकड्यांतला फरक पुष्कळ काही सांगेल. वहीत तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, आदल्या दिवशीचा पाऊस, जलपर्णी कुठवर आहे आणि मोजणाऱ्याचं नाव लिहा. चांगला आकडा आला तोही लिहा, नाहीतर तुमची वही म्हणजे नुसती तक्रारवही होईल.

किंमत कोण देणार? अधूनमधून त्याच वेळी, त्याच जागी घेतलेला दुसरा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या. दोन्ही आकडे जुळत गेले की तुमची वही महापालिकेलाही सहज बाजूला सारता येणार नाही.

हातमोजे घाला आणि पाण्यात उतरू नका. पायाला जखम असेल तर त्या दिवशी नमुना दुसऱ्याने घ्यावा. सांडपाण्याच्या काठी लेप्टोस्पायरोसिसची (जखमेतून शिरणाऱ्या जीवाणूंमुळे होणाऱ्या तापाची) भीती खरी असते. आणि सुरुवात उन्हाळ्यातच करा, म्हणजे पहिल्या पावसाचा लोंढा येण्याआधीचे आकडे तुमच्या हाती असतील.