सोसायटीचा सभासद झालास, आता पुढे?

जन्मजात प्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्यांच्या सोसायटीत नाव नोंदवलंस, छान. आता वर्गणी वसूल कशी करायची ते ऐक.

परिषदेत नामवंतांची भाषणं ऐकच, पण खरा वेळ पोस्टरपाशी काढ. पेपरात छापलं जात नाही ते तिथे कळतं: कुठलं एलपीएस (काही जीवाणूंच्या बाह्य आवरणातला रेणू) भेसळीचं निघालं, कुठला प्रयोग दुसऱ्या लॅबमध्ये जमलाच नाही. आपल्या विषयात हे फार महत्त्वाचं. एलपीएस टीएलआर४ या पेशीवरच्या रिसेप्टरमार्फत ओळखलं जातं, हे १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने उंदरांवरून दाखवलं. २०११ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. पण त्याच सुमारास टीएलआर२ही एलपीएसचा रिसेप्टर मानला जात होता. फिनॉलने एलपीएस पुन्हा शुद्ध केलं आणि टीएलआर२चा प्रतिसाद गायब! तो लिपोप्रोटीनच्या भेसळीचा प्रताप होता. असल्या गोष्टी सोसायटीच्या चर्चेत लवकर बाहेर पडतात, कारण समोर बसलेल्यांचे हात त्यात पोळलेले असतात.

तेव्हा ई. कोलाय या जीवाणूमध्ये बनवलेलं तुझं प्रथिन पेशींवर घालण्याआधी थोडं उकळून तेही लावून बघ. प्रथिन बहुधा मोडतं, एलपीएस टिकतं. उकळलेल्यानेही टीएनएफ (पेशी सोडतात तो दाहाचा संकेत) तेवढंच आलं, तर एलपीएसच्या भेसळीचा संशय घे. हा कंट्रोल पोस्टरवर ठळक लाव, पहिला प्रश्न त्यावरच येणार.

कमिटीबिमिटीचं नंतर बघू. प्रवास-अनुदानाचा अर्ज मात्र आधी भर, गाईडचं शिफारसपत्र मिळवण्यातच दिवस जातात.