एजंटाला पैसे देण्याआधी तासांचं पत्र मिळवा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही आरोग्य विद्यापीठाच्या बीएस्सी नर्सिंग, नाशिकरोडला चार वर्षं वॉर्डात काम. धाकटा भाऊ सातपूर आयटीआयचा फिटर. दोघांनाही जर्मनीला जायचंय, आणि एजंट म्हणतो, दीड लाख द्या, कागदांना अपोस्टिल करून देतो, मग ते तिकडे चालतात. नाही चालत. माझ्या बहिणीची फाइल आम्ही घरीच केली, त्याआधी हेच ऐकून आम्हीही फसलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अपोस्टिल म्हणजे कागदावरची सही आणि शिक्का खरा असल्याचा दाखला. तुमचं शिक्षण तिथल्या शिक्षणाच्या तोडीचं आहे की नाही, हे तो सांगत नाही. त्यात भारत २००५ साली अपोस्टिल करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत घेतली, त्यामुळे आपलं अपोस्टिल तिथे ग्राह्यच नाही. आमच्या फाइलमध्ये अजून आहेत चिकटवलेली. दिसतात छान.

नर्सिंग हा तिकडे परवान्याचा पेशा आहे. ‘उरकुंडे’, म्हणजे परवान्याचा कागद, हातात आल्याशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही, आणि ते देतं ज्या राज्यात नोकरी करायची तिथलं सरकारी खातं. म्हणून आधी राज्य ठरवा, मग अर्ज. ते खातं तुमचे टक्के बघत नाही, तास बघतं. त्यांचं नर्सिंगचं शिक्षण तीन वर्षांचं, त्यात २१०० तास वर्गातले आणि २५०० तास प्रत्यक्ष कामाचे. त्याच्या शेजारी तुमचे तास मांडले जातात.

आमचं घोडं इथेच अडलं. कॉलेजच्या क्लार्कने पहिल्यांदा एका ओळीचं पत्र दिलं, ‘विद्यार्थिनीने अभ्यासक्रम पूर्ण केला आहे’. ते अर्थातच परत आलं. दुसऱ्यांदा आम्ही शहाणे झालो. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा अभ्यासक्रम आणि बहिणीच्या जुन्या क्लिनिकल नोंदवह्या घेऊन दोन रविवार बसलो आणि तक्ता आम्हीच टाइप केला: विषय, वर्ष, थिअरीचे तास, कोणत्या वॉर्डात किती तास. तो घेऊन थेट प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी नोंदी पडताळल्या आणि त्याच दुपारी लेटरहेडवर सही-शिक्का मिळाला. कॉलेजात कोणाला द्यायचं नसतं असं नाही हो, तक्ता करायचा कंटाळा असतो. नोंदवह्या रद्दीत घातल्या नसतील तर आजच माळ्यावरून काढा.

दुसरी गोची नावाची. आपल्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, कुठे आईचंही. पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव. तिकडच्या बाईंना वाटलं ही तीन वेगवेगळी माणसं आहेत, आणि त्यांचं तरी काय चुकलं? महापालिकेचं विवाह प्रमाणपत्र भाषांतरासकट पहिल्याच गठ्ठ्यात जोडा. भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच. मूळ कागद कुणाच्याही हाती देऊ नका, एजंटाच्या तर नाहीच.

अर्जावर बहुतेक आपल्याकडच्यांना येतो तसा ‘डेफिझिटबेशाइड’ येईल, म्हणजे काय कमी पडतंय त्याचं पत्र. बहिणीला वृद्धसेवेचे तास कमी पडले. घरात रडारड झाली, नकार आला म्हणून. तो नकार नसतो. त्या पत्रावरच पुढचा व्हिसा मिळतो, आणि तिथे जाऊन एक तर ज्ञानपरीक्षा द्यायची किंवा रुग्णालयात ठरावीक काळ काम करत शिकून ती उणीव भरायची. बहिणीने दुसरी वाट धरली. पगार मिळत होता आणि परीक्षेची धास्ती नव्हती. परवान्याला जर्मन साधारण बी-टू पातळीची लागते, म्हणजे बऱ्यापैकी सहज बोलता-लिहिता येईल इतकी. कागदांपेक्षा जास्त वेळ भाषाच खाते, तेव्हा क्लास आधी लावा.

नोकरी देणारं रुग्णालय आधीच मिळालं तर त्यालाच ‘जलद प्रक्रिया’ करायला सांगा, म्हणजे मान्यता आणि व्हिसाचं काम तिकडूनच लवकर पुढे सरकवायची सोय. तिची सरकारी फी ४११ युरो आहे आणि कागद पूर्ण असतील तर मान्यतेचा निर्णय दोन महिन्यांत अपेक्षित असतो.

भावाचं गणित वेगळं. फिटरच्या कामाला तिकडे परवाना लागत नाही, पण व्हिसासाठी शिक्षण तपासून घ्यावं लागतं. कारखान्यातल्या अशा कामांचे अर्ज न्यूरेंबर्गचं ‘आयएचके फोझा’ बघतं. आपली आयटीआय दोन वर्षांची, त्यांचं शिक्षण साडेतीन वर्षांचं, त्यामुळे अर्धवट मान्यता येण्याचीच शक्यता जास्त. ती दरी अनुभवाने भरते, पण ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत नोकरीस होते’ असल्या पत्राने नाही. कोणती मशीन चालवली, कोणती मापं घेतली, ड्रॉइंग वाचून जोडणी केली का, देखभाल केली का, हे सगळं एचआरकडून लिहून घ्या. सातपूर-अंबडच्या छोट्या युनिटमध्ये एचआर नसतो, तिथे मालकाच्या सहीचं पत्र.

राहिले दीड लाख. परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी, एवढंच सेवाशुल्क घेता येतं. त्याचा नोंदणी क्रमांक मागा आणि ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासा. आमच्याने क्रमांक मागितल्यावर फोन उचलणंच बंद केलं.

तासांचा तक्ता तयार झाला की त्यातले वृद्धसेवेचे आणि मानसोपचाराचे तास इथे टाका. बहिणीच्या पत्राशी ताडून बघू.