लॅक्टोफेरिनच्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती खरोखर वाढते का?

लॅक्टोफेरिन हे दुधात नैसर्गिकरीत्या असणारे प्रथिन आहे. त्याचा एक रेणू लोहाचे २ अणू घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे जिवाणूंना वाढीसाठी लागणारे लोह सहजासहजी मिळत नाही, आणि प्रतिकारशक्तीविषयीच्या दाव्यांचे मूळ मुख्यतः याच गुणधर्मात आहे. मातेच्या चिकात ते भरपूर असते. गाईच्या नेहमीच्या दुधात मात्र फारच थोडे, म्हणून गोळ्यांसाठी ते वेगळे काढावे लागते.

गर्भवती स्त्रियांमधील लोहाच्या कमतरतेवर झालेल्या काही चाचण्यांत ते फेरस सल्फेट या लोहाच्या नेहमीच्या औषधाइतकेच उपयोगी ठरले आणि पोटाच्या तक्रारीही कमी आढळल्या. माझ्या मते त्याचा सर्वांत आश्वासक उपयोग हाच आहे. संसर्गाबाबत मात्र सावध राहावे, कारण ब्रिटनमध्ये अकाली जन्मलेल्या सुमारे २,२०० बाळांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, आधीच्या लहान चाचण्यांनी आशा दाखवूनही, गंभीर संसर्गाचे प्रमाण घटले नाही. निरोगी प्रौढ व्यक्तीने केवळ प्रतिकारशक्तीसाठी या गोळ्या घ्याव्यात, असे मी म्हणणार नाही.

दुधातील प्रथिनांची ॲलर्जी असलेल्यांनी त्या टाळाव्यात (लॅक्टोज न पचणे ही निराळी गोष्ट आहे), आणि रक्तक्षय असल्यास त्याचे कारण डॉक्टरांकडून आधी तपासून घ्यावे.