मैफल आधी, सराफा मग
अगं, पहिल्यांदाच मैफलीला येते आहेस, तर पोट भरून येऊ नकोस. विलंबित झुमरा ताल म्हणजे 14 मात्रांचं संथ आवर्तन. जेवून बसलीस की डुलकी ठरलेली! राग ओळखायच्या फंदात पडू नकोस, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कान ठेव. शेजारचे काका मान हलवतील तीच सम (बहुतेक वेळा). गायक उस्ताद अमीर खाँ आपल्या इंदूरचेच. त्यांचा मारवा राग आधी घरी ऐकून ये. शेवटची भैरवी होईपर्यंत उठायचं नाही.

मग सराफा बाजार. सोन्याची दुकानं बंद झाली की तिथे खाण्याची दुकानं लागतात. थंडीत गराडूच (तळलेला कंद) घे, वर जिरावन मसाला, लिंबू, आणि गरम असतानाच खा. भुट्ट्याचा कीस दोघींत एक पुरे. गाण्यावरचे वाद तिथे घालू, सभागृहात कुजबुजसुद्धा नको.